लसीचा जोडीदार

लस म्हटली, की रोगजंतूचा जो अंश तिच्यात असतो त्याकडेच सर्वांचे लक्ष जाते. त्याच्या जोडीला मिसळलेल्या सहायक द्रव्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः पुष्कळशा लसींचे यश या जोडीदारावर अवलंबून असते. १९२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये गास्तों रामों यांना आढळून आले, की घोड्यांना टोचावयाच्या द्रव्यात टॅपिओकासारखा पदार्थ मिसळला, तर टोचल्या जागी सूज येते आणि रक्तातील प्रतिविष वाढते. १९२६ मध्ये इंग्लंडात अलेक्झांडर ग्लेनी यांनी या कामी तुरटी वापरली. पुढे ज्यूल्स फ्रॉइंड यांनी तेलाचा उपयोग केला. तेलात कालवलेले द्रव्य टोचल्या जागी दीर्घकाळ साठून राहते व थोडेथोडे पाझरत जाते. साठा जितका टिकाऊ तितका बरा, असा समज त्यातून रूढ झाला.

कर्करोगावर लस शोधणाऱ्यांनीही हाच मार्ग धरला. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगातील एका प्रथिनाचा तुकडा तेलात कालवून रुग्णांना टोचण्यात आला. कर्कपेशींवर तुटून पडणाऱ्या टी पेशी रक्तात वाढलेल्या दिसत. अर्बुदे मात्र क्वचितच आक्रसत. सैन्य उभे राहिले, पण शत्रूचा किल्ला ढासळेना. असे का व्हावे?

या कोड्याचा उलगडा उंदरांवरील प्रयोगांतून झाला. अमेरिकेत ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात विलेम ओव्हरवाइक व त्यांचे सहकारी यांनी मेलॅनोमा झालेल्या उंदरांना तशीच तेलयुक्त लस टोचून टी पेशींचा माग काढला. त्यांचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. टी पेशी अर्बुदाकडे न जाता टोचल्या जागीच गोळा होत होत्या. तेथे साठलेल्या प्रथिनालाच शत्रू मानून त्या झुंजत, थकत आणि अखेर मरून जात. मग तेल वगळून, लवकर विरून जाणारी लस पाण्यात तयार करण्यात आली आणि संरक्षक पेशींना जागृत करणारी द्रव्ये तिच्या जोडीला देण्यात आली. तेव्हा टी पेशी अर्बुदापर्यंत पोहोचल्या व त्याची वाढ अधिक रोखली गेली.

यावरून जुनी सहायक द्रव्ये निरुपयोगी ठरत नाहीत. घटसर्प व धनुर्वात यांच्या लसींत ॲल्युमिनियमचे क्षार आजही उत्तम काम देतात. कारण त्या लसींमुळे निर्माण होणारी प्रतिपिंडे रक्ताबरोबर सर्वत्र पोहोचतात. टी पेशीला मात्र स्वतःच शत्रूच्या दारी जावे लागते. उंदरात घडले ते माणसात जसेच्या तसे घडेल, असेही नव्हे. तथापि टी पेशींची केवळ मोजदाद पुरेशी नाही; त्या गेल्या कोठे, हेही पाहिले पाहिजे, एवढा बोध यातून निश्चित मिळतो. आशेने दंड पुढे करणाऱ्या रुग्णाला वाढलेले आकडे नको असतात. त्याला ओसरणारी गाठ हवी असते.