हजार रुपयांत वाइन कशी निवडायची?

आजचा एपिसोड घरात स्पीकरवर ऐकत असाल, तर आधी हेडफोन लावा. विषय आहे वाइन. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो : महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं आहे. त्याच्या खालच्या मंडळींनी हा एपिसोड दोन-तीन वर्षांनी ऐकावा. आणि जे पीतच नाहीत, त्यांनी हे ऐकून सुरू करू नये. तुमचं बरं चाललंय.

मी किकवीचा. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात, की कापूरहोळ गेल्यावर आणि शिरवळ यायच्या आधी आमचं गाव लागतं. आमच्या लग्नाचा पहिला वाढदिवस होता. बायको म्हणाली, "हॉटेलात नको, घरीच रस्सा करू. आणि ती वाइन असते ना, ती एकदा बघू." बजेट हजार रुपये.

आता गंमत बघा. आपल्याकडे दारूच्या दुकानाला काय म्हणतात? वाइन शॉप. आणि तिथे सगळ्यात कमी काय मागतात? वाइन! मी काउंटरच्या जाळीसमोर उभा. मागे सात-आठ जण, सगळ्यांना क्वार्टर हवी. दुकानदारानं विचारलं, "गोड का कडू?" मला काही सुचेना. म्हटलं, "गोड." त्यानं वरच्या फळीवरची, धूळ बसलेली 'पोर्ट'ची बाटली काढून दिली. नाव आवडलं, पैसेही उरले. मी खूश.

घरी मेव्हणा आलेला. शिरवळला कंपनीत आहे, बाइकवर आला होता. त्याला ती सरबतासारखी गोड लागली. "दाजी, ही काय दारू आहे का? द्राक्षाचा रस आहे," म्हणत त्यानं तीन ग्लास संपवले. साडेदहाला उठला आणि चावी शोधायला लागला. चावी बायकोनं कधीच डब्यात टाकली होती. तो चिडला, मीसुद्धा म्हटलं, "अगं, वाइनच तर आहे." ती म्हणाली, "बाटलीवर काय लिहिलंय ते वाचलंस का?"

वाचलं नव्हतं. त्या रात्री वाचलं आणि मोबाइलवर हिशोब केला. तुम्हीही करा. ७५० मिलीची बाटली, १३ टक्के अल्कोहोल. म्हणजे शुद्ध अल्कोहोल साधारण ९७ मिली. व्हिस्कीची १८० मिलीची क्वार्टर, ४२.८ टक्के. म्हणजे ७७ मिली. एका वाइनच्या बाटलीत एका क्वार्टरपेक्षा जास्त अल्कोहोल! १५० मिलीचे तीन ग्लास म्हणजे जवळजवळ साडेचार स्मॉल पेग. आणि मेव्हणा त्या अवस्थेत रात्री हायवेवर ट्रकच्या मधून जाणार होता. गाडी चालवताना रक्तातली मर्यादा १०० मिलीला ३० मिलिग्रॅम आहे. पहिल्यांदा सापडलं तर १० हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण आमच्या पट्ट्यात राहणाऱ्याला दंडाची भीती सांगावी लागत नाही. रस्त्यावर काय होतं ते आम्ही लहानपणापासून बघतोय.

हा "वाइन म्हणजे दारू नाही" वाद मोठा आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारनं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा एकच गोंधळ झाला. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. द्राक्ष बागायतदाराचा फायदा हा मुद्दा खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण त्यासाठी वाइनला सरबत म्हणायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय, की दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. त्यात वाइन आलीच. "हृदयाला चांगली" म्हणून कुणी घेत असेल, तर ते डोक्यातून काढा.

आता मुद्द्यावर येऊ. हे सगळं माहीत असूनही कधीतरी घ्यायची आहे, तर हजाराच्या आत काय बघायचं?

पहिलं, परदेशी बाटलीचा मोह सोडा. आयात वाइनवर बरीच वर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. त्यामुळे तुमच्या पैशातला मोठा वाटा करात जातो, बाटलीत कमी येतो. त्यापेक्षा आपल्या नाशिकची घ्या, नाहीतर सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूची घ्या. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर आपल्याच राज्यात हा धंदा वाढलाय.

दुसरं, समोर द्राक्षाचं नाव शोधा. शेनिन ब्लाँ, सोविन्यों ब्लाँ, शिराझ असं काही लिहिलेलं असेल, तर निदान आत काय आहे ते कळतं. आपल्याकडची स्वस्त 'पोर्ट' ही बहुतेक गोड केलेली वाइन असते. आवडत असेल तर खुशाल घ्या, लाज कसली? फक्त गोडीमुळे अंदाज चुकतो, हे लक्षात ठेवा.

तिसरं, वर्ष बघा. स्वस्त वाइन जुनी झाली की चांगली होते, हा गैरसमज आहे. पांढरी असेल तर दोन-तीन वर्षांच्या आतली घ्या.

चौथं, धूळ आणि ऊन. उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली महिनोन् महिने उभी असलेली बाटली नको. ज्या दुकानात वाइन खपते, तिथूनच घ्या. फिरकीचं झाकण असेल तर हलकी समजू नका. उलट बरं, कॉर्क काढायचा स्क्रू आपल्या कुणाच्या घरी असतो?

पाचवं, जेवण. झणझणीत रश्शाबरोबर लाल वाइन तुरट लागते आणि तिखट जास्तच चढतं. त्याला थंड केलेली, किंचित गोडसर शेनिन बरी. भाटघरच्या तळलेल्या माशाबरोबर तर छानच.

आणि महागडी नाही परवडली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात किंमत लपवून सहा हजारांहून जास्त वेळा वाइन चाखवली. साध्या पिणाऱ्यांना महागडी वाइन जास्त आवडली नाही, उलट थोडी कमीच आवडली.

उरलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस टिकते. म्हणजे एका बैठकीत संपवायची सक्ती नाही. आम्ही दोघं आता महिन्या-दोन महिन्यांतून एक आणतो, एकेक ग्लास घेतो. मेव्हणा आला तर आधी चावी डब्यात, मग ग्लास बाहेर. आता तो स्वतःच चावी टाकतो.

त्या रात्री तो आमच्याकडेच झोपला. सकाळी चहा पिताना म्हणाला, "ताई, बरं झालं." एवढंच.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि आज कुणी मित्र "वाइनच तर आहे" म्हणत किक मारायला निघाला, तर त्याची चावी काढून घ्या. चिडेल. चिडू दे.