सभागृहासाठी ध्वनियंत्र निवडताना

गणेशोत्सवातील व्याख्यान असो की वाचनालयाच्या सभागृहातील कीर्तन असो, शेवटच्या रांगेतील वृद्ध श्रोत्याला शब्द ऐकू आला नाही, तर वक्त्याचा सारा व्यासंग त्याच्यापुरता फुकट गेला. म्हणून मंडळे वर्गणीच्या पैशातून ध्वनियंत्र घेतात. आणि दुकानात शिरताच विचारतात, ‘किती वॉटचे?’ वस्तुतः हा प्रश्न अगदी शेवटी यावयास हवा.

मिक्सर व ॲम्प्लिफायर एकाच पेटीत असलेले यंत्र लहान संस्थांना सोयीचे. जोडणी थोडी, ने-आण सोपी, आणि चालविणारा बहुधा एखादा हौशी कार्यकर्ताच असतो! मात्र एक भाग बिघडला की सारी पेटी दुरुस्तीला जाते, हे गृहीत धरूनच ती घ्यावी.

प्रथम मायक्रोफोन मोजावेत. कीर्तनास बुवा, मागील साथीदार, पेटी आणि तबला असे चार तरी लागतात; त्यांवर दोन जागा राखीव असाव्यात. ‘बारा चॅनेल’ म्हणून जे सांगतात त्यांत पुष्कळदा स्टीरिओच्या जोड्याही धरलेल्या असतात. कंडेन्सर मायक्रोफोन वापरावयाचा असल्यास ४८ व्होल्टची सोय आहे की नाही, तेही पाहावे.

आता वॉट. शक्ती दुप्पट केली तरी आवाज अवघा ३ डेसिबलने वाढतो. एका मीटरवर १ वॉटला ९७ डेसिबल देणारा स्पीकर ९४ डेसिबलवाल्याचे काम निम्म्या शक्तीत करतो. तेव्हा चार पैसे अधिक द्यावयाचे तर ते स्पीकरवर द्यावेत. पेटीवर छापलेला मोठा आकडा बहुधा ४ ओहमच्या भाराचा असतो. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की हा भार पुरा झाला. तेथेच तिसरा जोडणे म्हणजे ॲम्प्लिफायरच्या जिवाशी खेळ. ज्या स्पीकरात स्वतःचा ॲम्प्लिफायर आहे, तो तर या पेटीच्या स्पीकरच्या जोडणीस कधीच लावू नये.

शिट्टीचा उपद्रवही वॉट वाढवून जात नाही. स्पीकर मायक्रोफोनच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत आणि वक्त्याने जवळून बोलावे. कित्येक विद्वान मायक्रोफोन चावेल की काय अशा बेताने दूर उभे राहतात! ते अंतर निम्मे केले तर मायक्रोफोनला सुमारे ६ डेसिबल अधिक आवाज मिळतो, आणि तोही विनामूल्य.

पैसे देण्यापूर्वी पेटी आपल्याच सभागृहात एक संध्याकाळ लावून घ्यावी, आणि चिटणिसांनी व्यासपीठ सोडून शेवटच्या रांगेत बसून ऐकावे.