काळ्या घोड्यावर कोण बसलंय?

(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)





परवा सोसायटीतल्या मुलांना आम्ही विचारलं, "काळ्या घोड्यावर कोण बसलंय?" घोडा सगळ्यांना माहीत, स्वार एकालाही नाही. आम्ही हसलो. मग वाटलं, आपण तरी कधी थांबून वर पाहिलंय? रिक्षावाल्याला 'काला घोडा' सांगितलं की आपलं काम झालं.

तो स्वार म्हणजे आपले श्रीमंत सयाजीराव महाराज. त्यांच्या राज्यकारभाराचा रौप्यमहोत्सव 1907 साली साजरा झाला, त्या निमित्तानं हा ब्राँझचा पुतळा उभारला गेला. शिल्पकार इंग्रज, फ्रान्सिस डर्वेंट वुड. पुढे पहिल्या महायुद्धात चेहरा विद्रूप झालेल्या सैनिकांना चारचौघांत वावरता यावं म्हणून याच माणसानं धातूचे मुखवटे बनवून दिले.

लक्ष्मीविलास राजवाड्यात इटलीच्या फेलिचींची शिल्पं आहेत. ती पाहायला तिकीट लागतं. चौकातल्या शिल्पाला तिकीट नाही. ते सगळ्यांचं, आणि म्हणूनच बहुधा कोणाचंच नाही.

फतेगंजच्या चौकातली वडांची दगडी जोडी आठवते ना? नागजीभाई पटेलांनी घडवलेली. नागजीभाई आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले. 1950 साली सुरू झालेल्या आपल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत, शंखो चौधुरींच्या हाताखाली ते शिकले. वडोदरा हे नावच वडावरून आलेलं, त्यामुळे ती जोडी म्हणजे शहराची पाटीच होती. उड्डाणपुलाचं काम निघालं आणि ती तिथून हटवली गेली. 2017 साली नागजीभाईही गेले.

आम्ही सरकारी नोकरीतले. कागदावर एखाद्या वस्तूपुढे 'अडथळा' असा शेरा पडला की पुढे काय होतं, ते आम्हाला ठाऊक आहे. पण खरं सांगायचं तर दोष कागदाचा एकट्याचा नाही. पूल झाल्यावर स्टेशनला लवकर पोचतो म्हणून आम्ही खूशच होतो. वड कुठे नेले, असं विचारणारं साधं पत्रही आमच्यापैकी कोणी लिहिलं नाही. आपल्या सुभानपुऱ्याजवळचं गेंडा सर्कल घ्या. नाव गेंड्याच्या शिल्पावरून पडलं. तिथून मनीषा चोकडीपर्यंतचा पूल 2022 साली खुला झाला. त्या गेंड्याकडे आपण शेवटचं कधी पाहिलं?

पूल हवेतच, मंडळी. पण चौकातली वस्तू हलवायची असेल तर ती कुठे बसणार, हे आधी विचारणारे चार नागरिक तरी हवेत. विचारतो तोच, ज्यानं ती नीट पाहिलेली असते.

बाप्पा घरी आले की आपण किती निरखून पाहतो! यंदा डोळे छान उतरलेत, सोंडेचं वळण जमलंय, असं बोलतो. ती नजर आपल्याकडे आहे. बाप्पा दहा दिवसांचे पाहुणे, चौकातला स्वार मात्र वर्षभर उन्हापावसात उभा असतो.

म्हणून एक विनंती. विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी 7 वाजता मुलांना घेऊन निघू. काळा घोडा, मग फाइन आर्ट्स, शेवटी फतेगंज. तिथे पुलाखाली उभं राहून मुलांना सांगू, इथे वडांची जोडी होती. आणि पत्रही लिहू. उशिरा का होईना.

गणपती बाप्पा मोरया!