मुलांची झोप आणि घरातला फोन
(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



विषय मोबाईलचा आहे म्हटल्यावर मागच्या रांगांना वाटलं असेल की आता आपली खरडपट्टी निघणार. तसं काही नाही. माझं बोलणं जास्त करून पुढच्या रांगांशीच आहे.

देवास गेटला रात्र उशिराच होते. बसस्थानक इथेच आणि रेल्वे स्टेशनही जवळ. पहाटे महाकालाची भस्मारती. जागरण आपल्या शहराला नवं नाही. पण सणाचं जागरण सणाबरोबर संपतं. अंथरुणात फोन घेऊन होणारं जागरण रोजचं असतं, आणि ते कोणाला दिसतही नाही.

थोडा हिशेब करू. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. सकाळच्या शाळेसाठी मूल सहाला उठत असेल, तर रात्री दहाला ते झोपलेलं हवं. ते बाराला झोपलं, तर रोज दोन तास कमी पडतात. आठवड्यातले सहा दिवस शाळा धरली, तर बारा तास. म्हणजे दर आठवड्याला दीड रात्र बुडते. मग तीन हाका मारूनही मूल उठत नाही, पहिल्या तासाला डुलक्या घेतं, शब्दाशब्दाला चिडतं, आणि रविवारी दुपारपर्यंत झोपतं. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच. त्यामुळे झोप मोडून केलेला अभ्यासही पुरता टिकत नाही.

आपण याला आळस म्हणतो. पण वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन नावाचं द्रव्य मुलांच्या शरीरात उशिरा तयार होऊ लागतं. म्हणजे मुलाला लवकर झोप येत नाही, आणि शाळा मात्र लवकर उठवते. या दोहोंच्या मधल्या वेळेत फोन हाती येतो.

फोनच्या उजेडानं झोप लांबते हे खरं आहे. अमेरिकेत 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही प्रौढांना झोपण्यापूर्वी चार तास पडद्यावर पुस्तक वाचायला दिलं होतं. त्यांचं शरीराचं घड्याळ सुमारे दीड तास मागे पडलं, पण प्रत्यक्ष झोप लागायला साधारण दहा मिनिटंच जास्त लागली. म्हणजे सगळा दोष उजेडाचा नाही. पुस्तकाचं प्रकरण संपतं, रील संपत नाही. मित्राचा मेसेज आला की उत्तर द्यावंसं वाटतं. म्हणून नुसता 'नाइट मोड' लावून भागत नाही.

सरकारचंही याकडे लक्ष गेलं आहे. मुलांना पुरेशी झोप मिळत नाही, शाळेच्या वेळा बदला, असं महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर 2023 मध्ये सुचवलं. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथे शासन निर्णय निघाला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत. चांगलंच झालं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे सरकतं, ती आठवी ते बारावीची मुलं त्यातून सुटली. त्यांच्यासाठी नियम घरालाच करावा लागेल.

तो कसा करावा, हे सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं दाखवलं आहे. ऑगस्ट 2022 पासून तिथे संध्याकाळी 7 वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजू लागला. त्यानंतर दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकारानं आणि गावातल्या बायकांच्या सभेतून हे ठरलं. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. तो भोंगा फक्त मुलांसाठी नव्हता. बाबांचा फोनही खाली ठेवला गेला.

आपल्याकडे काय होतं? आपण पलंगावर पडून व्हॉट्सॲप चाळतो आणि मुलाला म्हणतो, "ठेव तो फोन!" त्यानं का ठेवावा?

म्हणून आजपासून उत्सवाच्या उरलेल्या दिवसांपुरतं एवढंच करून पाहू. रात्री दहाला घरातले सगळे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचे. आजोबांचा, आईचा, मुलाचा, सगळ्यांचे. सकाळी उठायला गजराचं साधं घड्याळ आणायचं. परगावच्या मंडळींना फोन करायचा तो साडेनऊपर्यंत. शिकवणी घेणाऱ्यांनी आणि शिक्षकांनी गृहपाठाचे मेसेज आठच्या आत पाठवावेत, ही त्यांना हात जोडून विनंती. रविवारी मूल तासभर जास्त झोपलं तर झोपू द्या, दुपारपर्यंत मात्र नको. फोन दूर ठेवूनही झोप येत नसेल, मूल जोरात घोरत असेल किंवा सतत उदास दिसत असेल, तर रागावू नका, डॉक्टरांना दाखवा.

पहिले दोन-तीन दिवस जड जातील, आणि मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त जातील. विसर्जनानंतर नियम चालू ठेवायचा की नाही, ते मुलांना विचारूनच ठरवा. पण आधी आपला फोन बाहेर ठेवा आणि मगच विचारा.

गणपती बाप्पा मोरया!