सूज, गाठी आणि आपले मौन
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्याच्या आनंदात रोगाचा विषय काढणे कित्येकांस रुचणार नाही. परंतु जे घरोघर झाकले जाते ते ज्ञातिबांधवांसमोरच बोलले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आमच्या आप्तांपैकी एका तरुणाच्या अंगावर एकाएकी लाल, दुखऱ्या गाठी उठल्या; हातपाय सुजले, ताप भरला. कोणी वात म्हटले, कोणी उष्णता. वस्तुतः तो चार महिने कुष्ठरोगावरील औषध गुपचूप घेत होता. औषधच बाधले असे समजून घरच्यांनी ते बंद केले. पुढे त्याची करंगळी वाकली. ती आजही वाकडीच आहे.

ही सूज औषधाचा दोष नव्हे. रोगजंतूंविरुद्ध, मेलेल्या जंतूंच्या अवशेषांविरुद्धही, शरीर खवळून उठते. त्यास डॉक्टर ‘रिॲक्शन’ म्हणतात. ती उपचारापूर्वी, उपचार चालू असता किंवा ते संपल्यावरही येते. कोपराजवळचा मज्जातंतू सुजला की बोटांतील बळ जाते. अशा वेळी मूळचे औषध न सोडता तत्काळ डॉक्टरांकडे गेल्यास, त्यांच्या देखरेखीखाली सूज उतरविणारी औषधे मिळतात व हात वाचू शकतो. प्रत्येक सूज कुष्ठरोगाची नसते हे खरे. पण तो निर्णय डॉक्टरांचा, शेजाऱ्यांचा नव्हे.

आपल्याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली कार्य आरंभिले. त्यांनी तयार केलेल्या खेड्यांतील आरोग्यसेविका, पुष्कळशा निरक्षर, बधिर चट्टे ओळखू लागल्या आणि रुग्णास गावाबाहेर न घालविता उपचार होऊ लागले. निरक्षर भगिनींनी जे केले, ते आम्हां शिकलेल्यांस का साधू नये?

जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ साली शिफारस केलेला बहुविध औषधांचा उपचार सहा किंवा बारा महिन्यांत पुरा होतो व सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतो. उपचार सुरू होताच संसर्गाचे भय झपाट्याने ओसरते. मग आपण लपवितो ते कशासाठी? सोयरीक मोडेल म्हणून! त्या तरुणाचे औषध गुप्त नसते, तर चार शहाण्यांनी ते बंद होऊ दिले नसते. २०१९ साली कायद्याने घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग वगळला. आपल्या सोयरिकींतून आपण तो केव्हा वगळणार?

कुटुंबप्रमुखांस आमची हात जोडून विनंती आहे : बधिर चट्टा वा सुजलेला हात दिसताच पत्रिका मिटून ठेवा व आधी दवाखाना गाठा. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.