यमुनोत्रीचें सूर्यकुंड

जानकीचट्टीहून यमुनोत्रीची चढण सुमारें ६ किलोमीटरांची. साठी उलटलेल्या माणसास ती दुप्पट भासते. वर यमुनेचें पाणी हाडें गोठविणारें, आणि तिच्याच काठीं सूर्यकुंडांतून वाफा उसळत असतात. यात्रेकरू तांदूळ-बटाटे फडक्यांत बांधून ती पुरचुंडी कुंडांत सोडतात. शिजलें तें प्रसाद म्हणून घरीं नेतात. (मंदिराचीं दारें भाऊबीजेस मिटतात. यमुना यमाची बहीण ना!)

आमच्या मंडळींतील एका बाईंनीं विचारलें, "पाणी एवढें खदखदतें आहे, मग तांदळास इतका वेळ कां?" प्रश्न मार्मिक होता. हें स्थान समुद्रसपाटीपासून सुमारें ३,३०० मीटर उंच. तेथें हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० अंशांवर नव्हे, तर ८९ अंशांच्या आसपासच उकळतें. कुंडाचें पाणीहि जवळजवळ तितकेंच तापलेलें. उकळी दिसते, पण तिच्यांत घरच्या आधणाची धग नसते.

ही उष्णता ज्वालामुखीची, असा पुष्कळांचा समज. येथें ज्वालामुखी मुळींच नाहीं. पावसाचें व बर्फाचें पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतें, तेथें तापतें व दुसऱ्या भेगांनीं वर येतें.

स्नानाचें कुंड निराळें आहे. माझ्या वयाच्या श्रोत्यांनीं चढून येतांच त्यांत उतरूं नये. विरळ हवेनें हृदयास आधींच श्रम झालेले असतात. ऊन पाण्यानें रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, रक्तदाब उतरतो आणि उठतांना घेरी येते. आमच्यांतील एक गृहस्थ असेच पायरीवर कोसळले. दोघांनीं वेळींच धरलें, म्हणून बचावले. अर्धा तास बसावें, पाणी प्यावें, मग थोडकेंच डुंबावें. आणि हात द्यावयास कोणी जवळ असावें.