फायली घरातल्या घरात का रेंगाळतात?



कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या बऱ्याच घरांत अलीकडे टीव्हीच्या कपाटात नाहीतर माळ्यावर एक लहानसा डबा दिसू लागला आहे. आत एक, दोन किंवा चार हार्ड डिस्क, मागे विजेची एक आणि नेटवर्कची एक वायर. जाणकार त्याला ‘नॅस’ म्हणतात. नेरळ-खोपोलीकडचे लग्नाचे फोटोग्राफर त्यावर शूटिंग ठेवतात. फार्महाऊस आणि होमस्टेवाले सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग साठवतात. २०२० नंतर घरून काम करू लागलेली मंडळी त्यावर कामाच्या फायली ठेवतात. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो एका जागी राहावेत म्हणून तो घेणारी कुटुंबेही आहेत. तक्रार मात्र सगळ्यांची एकच असते: फाईल जाता जात नाही. रात्री कॉपी लावून झोपावे, तर सकाळी उठून पाहिले तरी पट्टी अर्ध्यावरच.

अशा वेळी माणूस पहिल्यांदा फोन करतो तो नेटवाल्याला. प्लॅन वाढवून घेतो, महिन्याचे बिल वाढते, पण फाईल होती त्याच चालीने जात राहते. त्याचे कारण साधे आहे. तुमची फाईल लॅपटॉपमधून निघते, राउटर किंवा स्विचमधून जाते आणि पलीकडच्या खोलीतल्या डब्यात उतरते. ती घराबाहेर पडतच नाही. इंटरनेट पूर्ण बंद असले तरी ती जायला हवी. म्हणून पन्नास मेगाबिटचा प्लॅन सोडून तीनशेचा घेतल्याने इथे काहीच साधत नाही.

याला एक अपवाद आहे. काही डब्यांबरोबर मोबाइलचे ॲप येते आणि ते ‘कुठूनही बघा’ अशी सोय देते. घरात बसूनही तुम्ही त्या बाहेरच्या पत्त्याने डब्यात शिरलात, तर फाईल कधी कधी कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवरून फिरून परत घरी येते. घरात असताना डब्याचा घरातलाच पत्ता वापरावा. तो राउटरच्या यादीत दिसतो आणि बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. एवढा बदल केल्याबरोबर काहींचे दुखणे संपते.

आता वेग किती असायला हवा, ते ठरवू. इथे मोठा घोटाळा होतो तो बिट आणि बाइटचा. नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात. संगणकाच्या पडद्यावर कॉपीचा वेग दिसतो तो मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा १ बाइट होतो. म्हणजे १०० मेगाबिटच्या वायरीतून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट जातील, आणि वाटखर्च वजा जाता प्रत्यक्ष हाती अकराच्या आसपास पडतील. १,००० मेगाबिटच्या, म्हणजे गिगाबिटच्या वायरीतून ११० मिळतात. एका लग्नाचे शूटिंग २०० गिगाबाइट धरा. ११० च्या वेगाने ते अर्ध्या तासात उतरेल. ११ च्या वेगाने पाच तास लागतील. कमकुवत वायफायवर ४ च वेग मिळाला, तर चौदा तास जातील. तुमच्या पडद्यावरचा आकडा या तिघांपैकी कोणाच्या जवळ आहे, ते आधी बघा. निम्मे निदान तिथेच होते.

कर्जतच्या श्रोत्यांना पुढचा मुद्दा समजवायला लांब जायला नको. मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी कल्याणपासून कितीही जोरात आली, तरी बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात, मागे बँकर इंजिने लागतात आणि मग गाडी बोरघाट चढते. १८६३ साली खुल्या झालेल्या या घाटात चढ आहे ३७ ला १. लोणावळ्याच्या पुढे वाट सोपी आहे, पण प्रवासाचा वेळ खातो तो घाट. फाईलच्या वाटेतही असा एकच टप्पा सगळ्यांना रोखून धरतो. तो वायफायचा असेल, वायरीचा असेल, डिस्कचा असेल. नेमका कुठला, हे कळल्याशिवाय बाकीच्या टप्प्यांवर खर्च केला तर तो वाया जातो.

मग तो टप्पा शोधायचा कसा? एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर वेळी वेग लिहून ठेवायचा.

सुरुवात एका मोठ्या फाईलने करा. पाच-दहा गिगाबाइटचा एकच व्हिडिओ घ्या आणि डब्यात टाका. पहिल्या काही सेकंदांत पडद्यावर दिसणाऱ्या वेगावर विश्वास ठेवू नका. तेव्हा फाईल नुसती मेमरीत साठत असते. एक मिनिटानंतर जो आकडा स्थिरावतो, तो खरा. नंतर तेवढ्याच वजनाचे हजारो फोटो असलेला फोल्डर टाकून बघा. मोठा व्हिडिओ झपाट्याने गेला आणि फोटो रेंगाळले, तर नेटवर्क ठीक आहे. प्रत्येक छोट्या फाईलसाठी डब्याला नोंद करावी लागते, परवानगी तपासावी लागते, डिस्कचा काटा नव्या जागी न्यावा लागतो. त्यात अँटिव्हायरस प्रत्येक फोटो उघडून बघत असेल, तर आणखी उशीर. अशा फोल्डरची झिप करून एकच फाईल पाठवली, की फरक लगेच जाणवतो.

मोठी फाईलही रेंगाळत असेल, तर पुढची पायरी वायफाय बाजूला ठेवण्याची. लॅपटॉप उचला, राउटरजवळ न्या आणि वायरीने जोडा. वेग एकदम वाढला, तर दोष वायफायचा. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती जाड, दगडी. वायफायचा ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान असतो, पण अशा भिंतींपुढे तो लवकर हरतो; २.४ चा पट्टा भिंतीपलीकडे पोहोचतो, पण संथ असतो आणि त्यात शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी. मध्ये साधा रिपीटर लावला असेल, तर तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. डबा स्वतःच वायफायवर चालत असेल, तर ते आधी थांबवा. डबा कायम वायरीनेच जोडलेला हवा.

वायरीवरही वेग ११ च्या वर जात नसेल, तर समजा, कुठेतरी जोडणी १०० मेगाबिटवर अडकली आहे. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ दिसतो. डब्याचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकल्यावर जे पान उघडते, त्यावरही दिसतो. दोन्हीकडे १,००० असायला हवे. एकीकडे १०० दिसले, की चोर सापडला.

असे का होते? लॅन केबलच्या आत आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या. १९९५ साली आलेले १०० मेगाबिटचे मानक दोनच जोड्या वापरते. १९९९ साली आलेल्या गिगाबिटला चारही जोड्या लागतात. गिगाबिटलाच लागणाऱ्या जास्तीच्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली, कनेक्टरमध्ये नीट बसली नाही किंवा तिच्यावर गंज चढला, तर यंत्रे बहुधा आपसांत ठरवून मुकाट्याने १०० वर उतरतात. कुठलीही चूक पडद्यावर येत नाही, नेट चालू राहते, म्हणून कोणाला संशय येत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात छपराखालून, गॅलरीच्या कठड्यावरून नेलेल्या वायरींच्या टोकांना ओल धरते. उंदीर वरचे आवरण कुरतडतात. ते टोक कापून नवा कनेक्टर बसवला, की वेग दहापट होऊ शकतो. त्याला खर्च फार नाही.

वायर घेताना एक खबरदारी घ्या. बाजारात स्वस्त केबलच्या आत तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. ती लवकर मोडते आणि लांब अंतरावर दगा देते. दुकानात ‘पूर्ण तांब्याची द्या’ असे स्पष्ट सांगा आणि टोक खरवडून बघा. आत पांढुरकी तार दिसली, तर परत करा. आणखी एक गोष्ट. नेटबरोबर मिळालेल्या काही राउटरची भोकेच १०० मेगाबिटची असतात. तेव्हा राउटर बदलायची गरज नाही. गिगाबिटचा लहान स्विच घ्या, संगणक आणि डबा दोन्ही त्यात लावा आणि स्विचमधून एक वायर राउटरला द्या. घरातली वाहतूक स्विचमध्येच होईल.

फार्महाऊसवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. मुख्य घरापासून पाहुण्यांच्या खोल्यांपर्यंत किंवा गोठ्यापर्यंत लॅन केबल ओढलेली असते. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे वेग घसरतो, जोडणी तुटते. शिवाय दोन इमारतींमध्ये उघड्यावरून नेलेली तांब्याची तार म्हणजे विजेला आमंत्रण. जवळपास वीज कोसळली, तरी तिचा झटका त्या तारेतून दोन्हीकडची यंत्रे जाळू शकतो. दोन इमारतींमध्ये ऑप्टिकल फायबरच टाका आणि दोन्ही टोकांना फायबर आणि लॅन केबल जोडणारा मीडिया कन्व्हर्टर बसवा. काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही आणि अंतराचाही प्रश्न राहत नाही.

आता समजा वायर चांगली आहे, लिंक १,००० ची आहे, तरी वेग तीस-चाळीसवरच. मग डब्याच्या आत बघायचे. नेटवर्क आणि डिस्क वेगवेगळे मोजण्यासाठी आयपर्फ नावाचे मोफत साधन मिळते. ते डिस्कला हात न लावता नुसती वायर मोजते. त्याने साडेनऊशे मेगाबिटच्या आसपास आकडा दिला, तर वायर निर्दोष सुटली.

डब्याच्या आत पहिला संशय विजेवर घ्या. खोपोलीला १९१५ पासून आणि भिवपुरीला १९२२ पासून पाण्यावर वीज तयार होते. मुंबईच्या गिरण्या तिच्यावर चालल्या. पण जून लागला, वारा सुटला, फांदी तारेवर पडली, की आपल्याच वाडीतले दिवे जातात. डबा चालू असताना वीज अशी अचानक गेली, की दोन डिस्कवर एकच माहिती ठेवणारा डबा परत सुरू झाल्यावर बऱ्याचदा दोन्ही डिस्क पानोपान ताडून बघतो. ४ टेराबाइटच्या डिस्कवर ही पडताळणी आठ-दहा तास सहज चालते आणि तोवर कॉपी मंदावते. त्यात दुपारी पुन्हा वीज गेली, तर काही डबे पहिल्यापासून मोजायला बसतात. पावसाळ्यात डबा रोजच संथ वाटतो, त्यामागे बहुधा हेच असते. डब्याच्या पानावर ‘रीसिंक’ किंवा ‘रिबिल्ड’ असे काही चालू दिसले, तर ते पुरे होऊ द्या. आणि एक लहान यूपीएस घ्या, त्याची यूएसबी वायर डब्याला जोडा, म्हणजे वीज गेल्यावर डबा स्वतःहून नीट बंद होईल. इन्व्हर्टरवर चालत असेल, तरी वीज जाता-येताना डबा बंद पडतो का, ते एकदा तपासा.

दुसरा संशय डिस्कच्या जातीवर. काही डिस्कवर जास्त माहिती मावावी म्हणून लिहिण्याचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. या पद्धतीला एसएमआर म्हणतात. अशी डिस्क थोडे लिहिताना चपळ असते. सलग खूप लिहायला लावले, की शेजारचे पट्टे पुन्हा लिहिण्यात अडकून बसते. २०२० साली जगभर यावरून मोठा गदारोळ झाला, कारण नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क या जातीच्या निघाल्या. घेताना डिस्क सीएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेली, आहे का, हे विचारा.

तिसरे, डब्यावर दुसरे कोणते काम चालू आहे ते बघा. चार मेगाबिटचे आठ कॅमेरे चोवीस तास त्यावर लिहीत असतील, तर वायरीवर भार सेकंदाला फक्त ४ मेगाबाइटचा पडतो, पण डिस्कचा काटा आठ ठिकाणी धावत राहतो. शक्य असेल तर कॅमेऱ्यांना वेगळी डिस्क द्या. फोटोंची छोटी चित्रे बनवणे, चेहरे ओळखणे, असली कामे डबा गुपचूप करत असतो. ती रात्रीवर टाका. डिस्क काठोकाठ भरू देऊ नका. कूटबद्ध फोल्डर ठेवला असेल आणि डब्याचा प्रोसेसर जुना असेल, तर तेही वेग खाते.

शेवटी एक इशारा. वेग वाढेल किंवा डबा लगेच दिसू लागेल म्हणून कोणी तुम्हाला एसएमबीची, म्हणजे संगणक आणि डबा ज्या पद्धतीने फायली देतात-घेतात तिची, पहिली आवृत्ती चालू करायला सांगेल. ती करू नका. ती १९८० च्या दशकातली आहे, संथ आहे आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तिच्याच भगदाडातून जगभर पसरला. दुसरी किंवा तिसरी आवृत्ती वापरा. जंबो फ्रेमसारख्या सेटिंगही छेडू नका. सगळ्या यंत्रांवर सारख्या नसतील, तर फायदा सोडाच, जोडणीच अडखळते.

आणि हा डबा म्हणजे बॅकअप नव्हे. दोन डिस्कपैकी एक मेली तर दुसरी सांभाळते, पण चुकून पुसलेला फोटो दोन्हींवरून एकदमच जातो आणि वीज पडली तर दोन्ही जळतात. मुलांचे फोटो, जमिनीचे कागद, गिऱ्हाइकांची शूटिंग यांची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरात ठेवा.

तेव्हा श्रोतेहो, नवा राउटर, नवा प्लॅन किंवा नवा डबा घेण्याआधी एक मोठी फाईल घ्या, एकदा वायफायवर आणि एकदा वायरीवर पाठवा आणि दोन्ही आकडे कागदावर लिहा. दुकानात जाताना तो कागद बरोबर न्या. कागदाशिवाय पाकीट उघडू नका.